मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण माझा गुडघा एकदा वाकला की सरळ व्हायला तयार नसतो.) आमच्याकडे सगळं ठीक. तुमची तब्येत विचारायला रोज फोन करतो, तो तुम्ही उचलत नाही. दोनदा घरी आलो, तर ताईनं दारातूनच ‘झोपलेत’ म्हणून वाटेला लावलं. सकाळी साडेदहाला! आतून तुमचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे झोपेतसुद्धा तुम्ही माझ्यावरच खोकत होता. शेवटी दोन गल्ल्या पलीकडे पत्र पाठवायची वेळ आली.

विषय अर्थात क्लबातल्या पोकर स्पर्धेचा. आदल्या दिवशी ताई (चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायच्या निमित्तानं) माझ्या दुकानात आली होती. म्हणाली, निवृत्त झाल्यापासून आठ महिने हा माणूस बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजतोय. या पत्त्यांपायी पहिल्यांदा आपणहून दाढी करून बाहेर पडला. तेव्हा खेळताना तुम्हा दोघांची गाठ पडलीच तर सांभाळून घे, एवढं शेवटच्या टेबलापर्यंत जाऊ दे त्यांना. मी शब्द दिला. (ताईला शब्द देताना मी विचार करत नाही, तिच्यापुढे तेवढा वेळच मिळत नाही.)

आणि नेमके आपणच समोरासमोर! टेबलावर पाच पानं उघडी, त्यांत एक राजा, एक नव्वी, बाकी सगळी चिल्लर. माझ्या हातातल्या झाकल्या पानांत दुसरी नव्वी. म्हणजे नव्व्यांची जोडी, ना धड घरची ना दारची. तुम्ही चहाचा कप बाजूला सारलात आणि ‘ऑल-इन’ म्हणत आपल्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्यात. मुख्याध्यापक असताना ‘खाली बस’ म्हणायचात ना, अगदी त्याच आवाजात. (मी बसलेलोच होतो, तरी आणखी खाली सरकलो.) आता तुमच्याकडे दुसरा राजा असला तर माझ्यापाशी जेमतेम चार चकत्या उरणार. नसला, आणि मी तेवढ्याच चकत्या लावल्या, तर तुम्ही स्पर्धेतून बाद. आणि मी पानं टाकून दिली तर दोघंही खेळत राहणार, ताईही खूश.

मी पानं टाकणारच होतो दाजी, आईशप्पथ! पण लगेच टाकली असती तर हा मुद्दाम सोडतोय असा तुम्हाला संशय आला असता, आणि कुणी दया दाखवलेली तुम्हाला खपत नाही. म्हणून जरा डोकं खाजवल्यासारखं केलं, आणि त्या नादात तोंडातून निघून गेलं, ‘बघतो.’ आता हा शब्द मी जन्मभर वापरत आलोय. गच्चीची गळती? बघतो. माळ्याची सफाई? बघतो. मी ‘बघतो’ म्हणालो म्हणजे ते काम होणार नाही, हे आपल्या दोन्ही घरांत सर्वांना पाठ आहे. पण पत्ते वाटायला बसले होते क्लबाचे ग्रंथपाल. ते म्हणाले, या टेबलावर ‘बघतो’ म्हणजे तेवढ्याच चकत्या लावून समोरच्याची पानं बघतो, आणि बोललेला शब्द परत नाही. माझ्या चकत्या त्यांनी मधे ओढल्यासुद्धा! तुमची पानं उघडली. एक सत्ती, एक तिर्री, कशाशी काही जुळत नव्हतं, नुसती थाप मारली होतीत.

सगळे हसले. तुम्ही ‘छान खेळलास’ म्हणालात, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवलीत आणि गेलात. आपटली असतीत तर बरं झालं असतं हो. पुढे शेवटच्या टेबलावर दातांच्या डॉक्टरांनी पहिल्याच डावात माझ्या सगळ्या चकत्या उपटल्या, तेही भूल न देता. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं ताईनं हातात दिलं.

तर ती जिभेची चूक होती, मनाची नव्हे. मोठ्या मनानं पदरात घ्यावी.

तुमचा (अजून असेन तर)
मेहुणा

ता. क. — पाकीट चिकटवणार एवढ्यात ताईचा फोन आला. तुम्ही पुन्हा बाल्कनीत बसायला लागलात म्हणे, आणि ‘आता माझं डोकं चालत नाही, साधी थाप मारता आली नाही’ म्हणता. ऐकून जेवण गेलं नाही.

ता. क. २ — तो ‘बघतो’चा नियम मला माहीत होता. ग्रंथपालांनी खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवला होता. तुमची थाप उत्तम होती दाजी, दुसऱ्या कुणीही पानं टाकली असती. पण तुमचा बायफोकल मी केलाय. जवळचं बघायला तुम्हाला हनुवटी वर करावी लागते, आणि सगळ्या चकत्या लोटल्यावर तुम्ही हनुवटी वर करून आपली पानं पुन्हा पाहिलीत. ज्याच्याकडे राजा असतो तो पुन्हा बघत नाही. मला कळलं. ताईला दिलेला शब्दही त्याच वेळी आठवत होता. तरी म्हणालो. एकतीस वर्षांत कॅरम, बुद्धिबळ, वादविवाद, कशातच तुम्हाला हरवलं नव्हतं, एकदा हरवावंसं वाटलं. फार लाज वाटते. तुमचं डोकं शाबूत आहे, खोट माझ्यात आहे. दुकानात या आणि गिऱ्हाइकांसमोर चार शिव्या घाला, पण त्या बाल्कनीतून उठा.

ता. क. ३ — वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाका. मी चुकून जिंकलो असंच ताई अजून धरून चालली आहे. तिला भाऊ बावळट चालतो, लबाड चालणार नाही.