क्रँकची अदलाबदल

६ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे हातमोजे पोचले. दोन्ही उजव्या हाताचे आहेत. वर्कशॉपमध्ये सगळे पोट धरून हसले, पण मी घालते. एक उलटा केला की डाव्या हाताला बरोबर बसतो, फक्त त्या हाताला गाठी बाहेर दिसतात.

बाबांची लाल गाडी आता ताडपत्रीतून बाहेर आली आहे. आमच्या हेडमिस्त्रींनी मागचा कोपरा मला देऊन टाकलाय. सुटीच्या दिवशी मी तिथेच असते. बाबांनी बांधून ठेवलेलं इंजिन काल उघडलं. आई, इतकं स्वच्छ काम की पाना लावताना वाईट वाटत होतं. बांधून झालं, पण सुरू करून बघायला त्यांना वेळ मिळाला नाही. मीही अजून सुरू केलेलं नाही.

एप्रिलमधल्या चढाच्या शर्यतीत नाव दिलंय. बाबांना ज्या चढावर ही गाडी न्यायची होती, तोच. अडचण एकच आहे: इंजिन पळेल छान, पण चढावर त्याला दम लागेल. त्यात लांब क्रँक हवा. क्रँक म्हणजे तोच वाकडातिकडा दांडा, पिस्टनचं वरखाली होणं जो गोल फिरण्यात बदलतो. त्याचे कोपर लांब असले की पिस्टन जास्त खाली उतरतो, जास्त हवा-पेट्रोल ओढतो आणि जोर वाढतो. आमच्या इंजिनात बसेल असा लांब क्रँक एकाच गाडीत यायचा, मालवाहू व्हॅनमध्ये. कंपनीने तो केव्हाच बंद केला. भंगारवाले पालथे घातले, मिळाले ते सगळे झिजलेले.

चांगला एकच मला माहीत आहे. तो आपल्या अंगणात आहे.

कसं विचारू ते कळत नव्हतं, म्हणून असंच विचारलं. रागावलीस तर रागाव, पण पत्र लिही.

तुझ्या मायेला कधी दम लागू नये, एवढंच मागणं.
तुझी,
ठकी

*

१४ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. दुसरी जोडी विणायला घेतली आहे. या वेळी दोन्ही डाव्या हाताचे होतील बहुधा, म्हणजे तुझ्याकडे दोन जोड्या पूर्ण होतील.

शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी भांडं भरून लिंबं पाठवली. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून मी टोमॅटो दिले. आता त्यांनी त्याच भांड्यातून अंडी पाठवली आहेत. हे भांडं आम्हा दोघींपैकी कुणाचं, हे दोघीही विसरलोय.

व्हॅनचं म्हणशील तर, नाही.

तुला ठाऊक आहे, दुपारी मी तिच्यात बसून वाचते. घरात एवढ्या खुर्च्या आहेत, पण पुस्तक त्या सीटवरच पुढे सरकतं. लग्न झालं तेव्हा मला पाटीवरची अक्षरं लावून वाचावी लागायची. तुझे बाबा दुकानादुकानांतून सुटे भाग पोचवायला आत जायचे, आणि मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून जे हाती लागेल ते वाचायची. गाडीची माहितीपुस्तिका मी कादंबरीआधी वाचून काढली. पात्रं फार, पण शेवटपर्यंत कुणी मरत नाही.

दर रविवारी भाऊजी येतात आणि गाडी थोडा वेळ सुरू ठेवतात. ड्रायव्हरची सीट मी हलवू देत नाही. तुझ्या बाबांचे पाय लांब, तेव्हा सीट पार मागे आहे, आणि भाऊजी असे आखूड. बिचारे काठावर घसरत येतात, एका पायाच्या चवड्यावर तोलतात, दात-ओठ खाऊन चावी फिरवतात. मी शेजारी बसून ऐकते. आवाज तोच आहे गं. डोळे मिटले की आम्ही कुठेतरी माल टाकायला निघालेले असतो.

क्रँक काढला की तो आवाज गेला. बाकी काहीही माग. शिवणयंत्र माग, तेही देईन.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझी आठवण काढतेस तशीच काढत राहा.
तुझी,
आई

*

२० जानेवारी

चि. ठकीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून वहिनी गप्प आहेत. गप्प म्हणजे त्या बोलत नाहीत, भांडी बोलतात. परवा मी नुसतं विचारलं की पोरीचं काय ठरलं, तर कपबशी अशी समोर आदळली की चहा बशीत आधी पोचला.

तू मागितलंस त्यात चूक नाही. चाळीस वर्षं लेथवर काढली मी, त्यामुळे एवढं सांगतो: त्या व्हॅनच्या क्रँकसारखा क्रँक आता तुला दुसरा मिळणार नाही. दादाने तिला कधी तेलावाचून पळवली नाही. पण तू आता जोर लावू नकोस. वहिनींना ढकललं की त्या हॅन्डब्रेक ओढतात.

माझं म्हणशील तर तब्येत उत्तम. फक्त दर रविवारी कंबर धरते, कारण तुला ठाऊकच आहे. एकदा वहिनींची नजर चुकवून सीट दोन खाचा पुढे घ्यायला गेलो. त्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाल्या, भाऊजी, हात.

कामात लक्ष ठेव, बोटांवर त्याहून जास्त. काकावर लोभ असू दे, त्याला वंगण लागत नाही.
तुझा,
काका

*

२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

व्हॅन राहू दे. खरंच सांगते, फुगून बसलेली नाही. आहे त्या छोट्या क्रँकवरच इंजिन पुन्हा बांधते. शर्यतीत शेवटून पहिली येईन. हेडमिस्त्री म्हणाले, शेवटच्याला निदान मागून कुणी धडकत नाही.

छोटा क्रँक बाहेर काढून कपाटात उभा ठेवलाय. बाबांचा नियम: क्रँक आडवा टाकायचा नाही, आपल्याच वजनाने वाकतो. इथले सगळे तो बघायला येतात. बेअरिंग बसतात त्या जागा आरशासारख्या चमकतात, वाकून बघितलं की स्वतःचं नाक दिसतं. हे पॉलिश बाबांनी कुठे करून घेतलं? यंत्रावरचं वाटत नाही. हेडमिस्त्रींना त्या माणसाचा पत्ता हवा आहे.

डाव्या हातांची जोडी मिळाली. आता थंडीची काळजी नाही.

पत्र लवकर पाठव, आणि त्यात थोडी माया जास्तीची घाल. इथे संपत आलीय.
तुझी,
ठकी

*

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

त्या माणसाचा पत्ता लिहून घे: आपलं स्वयंपाकघर.

पॉलिश तुझ्या बाबांनी आणि मी मिळून केलं. बारीक पॉलिशपेपरची पट्टी क्रँकच्या त्या गोल जागेवर गुंडाळायची, तिच्यावर चामड्याचा पट्टा वेढायचा, आणि दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. घुसळताना रवीची दोरी ओढतात ना, तसं. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पट्टा तुझ्या शाळेच्या दप्तराचा होता. मी जोरात ओढायची, ते ओरडायचे की हळू, कपडे नाही पिळायचे. मग मुद्दाम ते जोरात ओढायचे आणि मी स्टुलासकट पुढे सरकायची. तो सगळा महिना घरात रॉकेलचा वास होता. मी रोज कुरकुर केली. आता तो वास कुठे आला की मी थांबून उभी राहते.

तुझं पत्र वाचलं तो रविवार होता. भाऊजींनी गाडी सुरू केली, मी डोळे मिटले. पण या वेळी आम्ही कुठेच निघालो नाही. मला एकदम आठवलं की तुझ्या बाबांना उभी गाडी सुरू ठेवलेली बिलकूल खपायची नाही. कुणी तसं केलं की म्हणायचे, जायचं असेल तर जा, नाहीतर बंद कर. आणि आम्ही दोघं शहाणी माणसं ते गेल्यापासून तीन वर्षं दर रविवारी तेच करतोय! वर शिवणवाल्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर धूर सोडतोय.

म्हणून व्हॅनचा क्रँक घेऊन जा.

पण एक अट आहे. माझं भांडं रिकामं परत यायचं नाही. तुझ्या कपाटात उभा आहे तो माझ्या व्हॅनमध्ये बसला पाहिजे. तो अर्धा माझा आहे, ओढून ओढून माझे दंड दुखले होते. भाऊजींना विचारलं, बसेल का. ते म्हणाले, दोन्ही इंजिनांचे ब्लॉक, म्हणजे सांगाडे, एकाच घराण्यातले आहेत, पिस्टनला क्रँकशी जोडणारे रॉड तेच चालतील, पिस्टन मात्र क्रँकबरोबर इकडचे तिकडे करावे लागतील. व्हॅनचा जोर कमी होईल, म्हणाले. मी म्हटलं, तिला आता कुठे ओझी वाहायची आहेत.

आवाज बदलेल, ते मला कळतंय. तू त्याची काळजी करू नकोस.

गाडीवर जीव लाव, पण थोडा माझ्यासाठी बाजूला ठेव.
तुझी,
आई

*

७ मार्च

चि. ठकीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी पार्सलच्या ट्रकने सुखरूप आली. क्रँक उभाच बांधला होतास, शाब्बास. आमचा तुला मिळाल्याचं कळलं. इथे मात्र एक गंमत झाली आहे, ती वहिनी तुला लिहिणार नाहीत.

क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या ज्या पाच कॅप असतात, त्या ज्या जागेवरच्या त्याच जागेवर आणि त्याच तोंडाने बसाव्या लागतात. लोक त्यांच्यावर ठोकून आकडे उमटवतात. दादा कधी ठोकायचा नाही. तो वहिनींच्या शिवणाच्या डब्यातला धागा बांधायचा, पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा. मीही व्हॅन उघडताना तसंच केलं आणि कॅप टोपलीत ठेवून जेवायला घरी गेलो.

परत येऊन बघतो तर वहिनींनी सगळ्या कॅप गरम पाण्याने घासून, पुसून, ताटल्यांसारख्या एकावर एक रचून ठेवलेल्या. धागे कापून चुलीत! म्हणाल्या, किती मळले होते ते धागे, आणि गाठीसुद्धा नीट नव्हत्या.

मी डोक्याला हात लावला. पुढची आणि मागची कॅप ओळखू येतात, पण मधल्या तिघी तिळ्या बहिणी. चुकीची बसली की क्रँक अडकतो. मग काय, तुझा क्रँक आल्यावर लावायच्या, आवळायच्या, फिरवून बघायचं, अडकला की सोडायच्या, बदलायच्या. वहिनी म्हणाल्या, फिरवून मी बघते, चूक माझी आहे. बाह्या वर करून बसल्या. प्रत्येक वेळी क्रँकच्या तोंडावर हात ठेवायच्या आणि मी काही बोलायच्या आत सांगायच्या, नाही, इथे धरतोय. शेवटी एकदा त्यांनी फिरवला, आणि हात थांबवलाच नाही. नुसत्या फिरवत राहिल्या. मी म्हटलं, वहिनी, बसला ना? म्हणाल्या, बसला हो, पण थोडं फिरवू द्या.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

काकाच्या या चहाडीबद्दल कुणाला सांगू नकोस, आणि लोभात काटछाट करू नकोस.
तुझा,
काका

*

२५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गाडी सुरू झाली!

त्याआधी मी लहान मुलांसारखी मातीत खेळले. पिस्टनच्या डोक्यावर मऊ मातीची टिकली लावायची, इंजिन हाताने फिरवायचं, मग इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, उघडून बघायचं की माती किती चेपली. जास्त चेपली तर वरचे व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार. माझी माती हवी तेवढी जाड राहिली. हेडमिस्त्रींनी ती कापून बघितली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, चावी फिरव.

आई, तिला कसा आवाज आहे सांगू? व्हॅनचा नाही. तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते. व्हॅनसारखा घोगरा सुरू होतो आणि मग वर चढत जातो, व्हॅन कधी गेली नाही तिथवर. पण ओढ तीच आहे. रिकाम्या रस्त्यावर चढावर नेली, गिअर न बदलता वर आली. मालाने भरलेली व्हॅन यायची ना बाबांची, तशी, न कुरकुरता.

तुमच्या व्हॅनचं काय झालं? काकांनी लिहिलं नाही. शर्यत रविवारी, बारा तारखेला आहे. तू आलीस तर बसने ये, मी घ्यायला येईन. नाही आलीस तरी समजेन.

वाट बघते, तुझीही आणि पत्राचीही. आधी काय येतं बघू.
तुझी,
ठकी

*

५ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शिवणवाल्या बाईंनाही वाचून दाखवलं. त्यांना एक शब्द कळला नाही, पण त्यांनी भांडं भरून अंडी पाठवली.

व्हॅन गेल्या रविवारी सुरू झाली. मी डोळे मिटून बसले होते. आवाज आला आणि मी डोळे उघडले. ओळखीचा नाही, हलका आहे, शिलाई मशीन भरभर चालावं तसा. भाऊजी माझ्याकडे बघत होते की आता ही रडणार. मी रडले नाही. मनात आलं, आम्ही घासलेल्या क्रँकचा हा आवाज ऐकायची तुझ्या बाबांची किती इच्छा होती, आणि त्यांच्याआधी तो मलाच ऐकायला मिळाला. मग थोडं रडले, पण ते नंतर, आणि भाऊजी पाणी प्यायला आत गेले होते. हल्ली त्यांना तहान फार लागते.

मग मी म्हटलं, भाऊजी, आता ही उभी ठेवायची नाही.

खरी बातमी पुढे आहे. तू बसायला काहीतरी शोध. शिकाऊ परवाना मी फेब्रुवारीतच काढला होता, क्रँक देऊ केला त्याच आठवड्यात. तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. भाऊजी रोज मैदानात शिकवतात. दोनदा कुंपणाला लागले, कुंपण जुनंच होतं. व्हॅनचा जोर कमी झाला ते माझ्या पथ्यावरच पडलं. आधीची असती तर मला घेऊन पळाली असती. ही माझं ऐकते.

पहिल्या दिवशी पाय पेडलला पुरेनात. भाऊजींसारखी काठावर घसरून बघितलं, पण तसं गाडी चालवता येत नाही, नुसती चावी फिरवता येते. भाऊजी खिडकीबाहेर झाडं मोजत बसले. मी सीटखालची पट्टी चाचपडून वर उचलली आणि सीट पुढे ओढली. इतक्या वर्षांनी हलली, कर्रकन ओरडली. मग थांबून तिच्या रुळांना तेल घातलं आणि पार पुढे घेतली. पाय पुरले.

तेव्हा मला घ्यायला बसवर येऊ नकोस. बारा तारखेला चढाच्या पायथ्याशी एक व्हॅन येईल, हळू येईल, मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी हळूच येईल. शेजारच्या सीटवर भाऊजी असतील. त्यांना मी माझं पुस्तक देणार आहे, म्हणजे ते सारखे माझ्या पायांकडे बघणार नाहीत.

तुझं लक्ष रस्त्यावर असू दे, माझ्यावर नंतर.
तुझी,
आई