नंबरवरचा पंजा

येरमाळा, मंगळवार संध्याकाळ

सोयाबीन घेऊन आलेली दत्तूमामांची गाडी आज आमच्या गोदामाच्या गेटवर अडकली. कॅमेऱ्याला नंबर वाचता येईना, म्हणून बॅरियर उघडेना. नंबरप्लेटवर दसऱ्याच्या पूजेचा, तेलात कालवलेल्या हळदीचा पंजा होता. मामांना फडकं दिलं, म्हटलं, "मामा, तेवढं पुसून घ्या."

त्यांनी फडकं परत माझ्याच हातात दिलं. मग म्हणाले, "तुझ्या मामीचा हात हाय तो. उभं ऱ्हाता येत नव्हतं तिला. खुर्चीवर बसूनच उमटवला, म्हणून नंबरवर आला. तूच पूस बाबा, माझ्यानं न्हाय व्हायचं."

मामी जाऊन अजून महिनाही झाला नाही. मला ठाऊक होतं, तरी सुचलं कसं नाही? मागं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पुसला मी. बॅरियर लगेच वर गेला. मामा माझ्याकडं न बघता आत गेले.

न वाचता आलेल्या नंबरांचे फोटो ड्युटी सुटताना डिलीट करायचे असतात. आज एकच होता. खाली लाल अक्षरांत 'ओळख पटली नाही', आणि वर पाची बोटं स्पष्ट.

तो तसाच ठेवून घरी आलोय. मामांना दाखवावा का, तेच कळत नाही.