चौथी पायरी

१२ फेब्रुवारी १९९१, आंबिवली

आज तळ्याची चौथी पायरीही उघडी पडली. उरलेल्या पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडतायत. बघवत नाही.

आठ दिवस मी बांधातली खेकड्यांची बिळं बुजवतोय. चिकणमाती भरायची, धुमसाने ठोकायची, आणि सकाळी बांधामागे चिखल तसाच. हात सोलवटलेत. खेकड्यांना किती शिव्या घातल्या!

आज बाबांनी खाटेवरून सांगितलं, "पाण्यावर कोंडा टाक रं. गळती असंल तिकडं तो जाईल." टाकला. कोंडा बिळांकडे फिरकलाच नाही. जिथे आपली बाभूळ होती, तिथे बांधाला लागला आणि गरगरत आत गेला.

ती बाभूळ मीच तोडलेली, माझ्या लग्नात चुलीच्या लाकडासाठी. बाबा तेव्हा बजावत होते, मुळं पण काढ, कुजली की बांध पोकळ होतो. काढली म्हणून सांगितलं. खरं तर खुंटावर माती लोटून मोकळा झालेलो. कसली घाई होती मला?

उद्या बांध तिथेच खणायला हवा. खणताना फुटला तर? नाही खणला तर पाचवी पायरी.

मघाशी बाबांनी विचारलं, "कोंडा कुठं गेला?"

"खेकड्याच्या बिळात," मी बोललो. आजही.

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं, बाभूळ तू मुळासकट काढलीस ती."