अंगठी कशी परत करायची

प्रिय मालिनीकाकू,

१. जूनमध्ये नोव्हाय या माझ्या कंपनीतून सुट्टी काढून मी एका बेटावरच्या जंगलात, स्वयंसेवक म्हणून सोलर पंप दुरुस्त करायला गेले.
२. "सुट्टीत कोणी प्लंबिंग करतं का, यार?" तुमचा सत्यजित म्हणाला.
३. तिथे फोनला रेंज नव्हती.

"कुठे आहेस? कोणाबरोबर? फोटो पाठव," हे त्याचं सतत विचारणं बंद झालं आणि मला शांत झोप लागू लागली. आठवण तुमची आली, त्याची नाही. परतीच्या बोटीत फोन वाजला. मी तो उलटा ठेवला. त्याच संध्याकाळी त्याला लग्नाला नकार कळवला. आता हलकं वाटतं. तुम्हाला सांगवत नाही, म्हणून हे अजून ड्राफ्टमध्येच आहे.

साखरपुड्याची अंगठी बाबांनी आणून द्यावी की कुरिअरने पाठवू, ते रविवारपर्यंत कळवा.

तुमची,
गिरिजा