शरदला पथ्य नाही

विकास नगर, लखनौ
जानेवारी १९९७

ती. मालिनीताईस,

हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार. (हल्ली दुपारभर गच्चीवर उन्हात आडवाच असतो, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझे गुडघे, भावजींचा दमा आणि अमरावतीची थंडी आपापल्या जागी सुखरूप असतील. तू लिहितेस, आपल्या शरदला इस्पितळातून घरी आणून काय मिळवलंत? आणि तो बरा झाला की भेटायला येते. पहिल्याचं उत्तर सविस्तर देतो.

आधी तोटा. स्वयंपाकाच्या बाईंनी एचआयव्ही हा शब्द ऐकला आणि त्यांच्या गावी एकाएकी सगळेच आजारी पडले. शेजारचे सक्सेनाजी रोज आमचा पेपर आमच्याआधी वाचायचे, ते आता फाटकाबाहेरूनच ‘सब खैरियत?’ म्हणतात आणि उत्तर यायच्या आत घरात शिरतात. (हे खरं तर फायद्यात धरायला हवं. पेपर आता कोरा मिळतो.) आम्ही नवरा-बायकोनी कामं वाटून घेतली आहेत: चित्रा बँकेत जाते, मी ऑफिसातून रजा काढून चूल सांभाळतो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. डाळ चढवून खिडकीशी उभा राहिलो की धुक्यातून समोरची निलगिरी हळूहळू उमटायला लागते, आधी शेंडा, मग एकेक फांदी, आणि बुंधा दिसेपर्यंत डाळ करपलेली असते. शरद ती निमूट खातो. इस्पितळात त्याचं ताट दारातून पायाने सरकवत, त्यामुळे करपलेल्या डाळीबद्दल त्याची तक्रार नसते.

एका सेवाभावी संस्थेच्या मधुमती सिस्टर दर गुरुवारी येतात. ताप कसा उतरवायचा, जखम कशी धुवायची, ते शिकवतात. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘भाईसाहब, बस एक बात. इनसे परहेज मत कीजिएगा.’ आता परहेज म्हणजे पथ्य, हे इथे आल्यापासून वैद्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी माझ्या डोक्यात भरवलेलं. (त्या ‘इनसे’कडे मी लक्ष दिलं नाही. हिंदीच्या विभक्तीशी माझं कधी जमलेलं नाही.) शरदला सांगितलं, तुला पथ्य नाही. मग काय विचारतेस. ठेचा झाला, भरीत झालं, निशातगंजची चाट झाली, कबाबही झाले (भावजींना सांगू नकोस). घरच्या जेवणाने वजन वाढलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. दोन ताटं कोण घासणार म्हणून गच्चीवर आम्ही एकाच ताटात जेवतो. मग पतंग बघत पडतो. तो लहानपणचं काही सांगता सांगता झोपतो, त्याचं वाक्य मी पुरं करतो आणि मीही झोपतो. उठल्यावर कोण काय बोललं ते दोघांनाही आठवत नाही.

गेल्या गुरुवारी सिस्टर थेट गच्चीवर आल्या आणि ठेचा पाहून मटकन खालीच बसल्या. ‘मुँह में छाले हैं इनके, और आप मिर्ची खिला रहे हैं?’ मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. तेव्हा कळलं, त्या जेवणाबद्दल बोलतच नव्हत्या. माणसाला लांब ठेवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मग आम्हा दोघांच्या एकाच ताटाकडे जरा वेळ बघून त्या म्हणाल्या, ‘ख़ैर, वो तो आपने मान ही लिया.’ आता मऊ खिचडी चालू आहे. शरद सिस्टरवर रुसला आहे.

फायदा काय, तर हे. इतक्या वर्षांत भावाजवळ अख्खी दुपार मी कधी बसलो नव्हतो. हे दिवस मला आवडतात, ताई. ते वाईट आहेत हे कळूनही आवडतात.

भावजींना नमस्कार.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. चित्राने पत्र वाचलं. म्हणते, पट्टा कोणाचा ते लिहा. माझा. भोकं शरदच्या पट्ट्यालाही पाडली, पण दुसऱ्या बाजूला.

आणखी ता. क. तो बरा झाल्यावर येते म्हणतेस. तो बरा होणार नाही. परवा विचारत होता, ताई ओवाळायला येईल का. भाऊबीज कार्तिकात असते हे मलाही कळतं आणि त्यालाही. पौषात निघायचं नसेल तर राहू दे, पण माघ लागला की लगेच ये. यंदाची माघातच करू.