आईचा अर्ज आणि पुलापलीकडचं बाकडं

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून घरातली सगळी सरकारी कागदपत्रं माझ्याकडे. आईने सकाळी साडेसातशे डॉलर माझ्या हातात ठेवले. नागरिकत्वाच्या अर्जाची फी. दोन वर्षं ऑफिसांच्या फरशा पुसून साठवलेली. म्हणाली, नेरी, घरात पहिली पदवी तुझी, आता मला त्या कोपऱ्यावरच्या अर्ज लिहिणाऱ्याच्या दारात उभं करू नकोस.

आजोबा तिकडे मायदेशी, बानी गावाला अंथरुणाला खिळलेत. आईला वर्षभर जाऊन त्यांचं करायचंय. पण ग्रीन कार्डावर इतके दिवस बाहेर राहिलं तर परतताना अडवतात. म्हणून आधी नागरिकत्व, मग विमान. सोपं आहे. मी संस्थेत दिवसभर पोरांचे कॉलेजचे अर्जच भरते. माझा विश्वास आहे की गरिबी म्हणजे निम्मी तरी माहितीची कमतरता.

संकल्प: अर्ज याच आठवड्यात.

९ जानेवारी, गुरुवार
अर्ज भरून तयार. फक्त पैसे भरायचं बटण राहिलंय.

एक विचार. विमानाचं तिकीट कशातून येणार? आई बोलत नाही, पण मला दिसतं. ‘गोल्डन हार्बर’ नावाचा ऑनलाइन कॅसिनो पहिल्यांदा भराल तेवढेच पैसे वरून देतो. साडेसातशेचे दीड हजार. फी आणि तिकीट, दोन्ही.

हा जुगार नव्हे. जुगार चौथ्या मजल्यावरची फेफामावशी खेळते. स्वप्नात मासा आला की दुकानात जाऊन त्याचा आकडा लावते. मी ब्लॅकजॅकचा अभ्यास केलाय. कोणत्या पत्त्यावर थांबायचं आणि कुठे आणखी एक मागायचा, याचा तक्ताच असतो. तो पाळला तर शंभर डॉलरमागे कॅसिनोला जेमतेम अर्धा डॉलर सुटतो. संख्याशास्त्रात मला बी प्लस होता.

अडचण एकच. न्यूयॉर्कमध्ये याला परवानगी नाही, न्यू जर्सीत आहे, आणि आपण कुठे उभे आहोत ते फोनला कळतं. पण न्यू जर्सी आमच्या गच्चीवरून दिसते. पूल चालून गेलं की झालं. व्यायामही होईल.

११ जानेवारी, शनिवार
पुलावर बोचरा वारा. मध्यावर राज्य बदलतं म्हणून तिथेच उघडून पाहिलं. फोन म्हणाला, तुम्ही हद्दीबाहेर आहात. पलीकडच्या टोकाशी बाकडं आहे, तिथे चाललं. तिथे आधीच एक म्हातारे बसलेले, राधामेस नावाचे. आमच्याच वस्तीतले, पूर्वी टॅक्सी चालवायचे, तेही खेळायलाच आलेले. मला म्हणाले, या, पूजेला उशीर केलात.

साडेसातशे भरले. साडेसातशे मिळाले. दीड हजार! स्क्रीनचा फोटो काढला, तो हलला. थंडीमुळे.

१२ जानेवारी, रविवार
अटी वाचल्या. आधी वाचायला हव्या होत्या, पण अक्षर फार बारीक. बोनसच्या तीसपट रक्कम खेळून झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. म्हणजे साडेबावीस हजार. आणि ब्लॅकजॅकचा डाव फक्त एक पंचमांश धरतात. म्हणजे एक लाख साडेबारा हजार.

घाबरायचं कारण नाही. ही फक्त चिकाटीची परीक्षा.

आईने विचारलं, अर्ज गेला का? म्हटलं, गेला. पुढच्या आठवड्यात जाणारच आहे, तेव्हा हे काही खोटं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
ब्लॅकजॅकने फार वेळ लागतोय. चक्रांच्या खेळात मात्र पूर्ण रक्कम धरतात. तिथे तक्ता-बिक्ता काही नाही, बटण दाबायचं. धोरण म्हणून तिकडे वळले.

दुपारी तीनला एकोणीसशे चाळीस डॉलर!! राधामेसकाकांना दाखवलं. ते म्हणाले, बोनस सोडून दे, म्हणजे अट सुटते, तुझे साडेसातशे आणि वरचे मिळतील ते काढ, आणि या पुलावर परत दिसू नकोस. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही अकरा वर्षं येताय. ते म्हणाले, म्हणून तर सांगतोय, प्रोफेसरीणबाई.

अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. कॉलेजही मी नोकरी करून पूर्ण केलं.

२ फेब्रुवारी, रविवार
शून्य.

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातून आजारी म्हणून रजा. दिवसभर विचार केला. चूक धोरणात नव्हती, अंमलबजावणीत होती. पगार शुक्रवारी. त्यातून साडेसातशे थेट अर्जाला. आधी अर्ज, मग बाकी सगळं. हे लिहून ठेवते म्हणजे मोडता येणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
पगारातले चारशे भरले (पुलापलीकडे). उरलेल्यात अर्ज होत नाही, म्हणून तेही भरले.

घरी आले तर आई नागरिकत्वाच्या मुलाखतीत विचारतात त्या प्रश्नांची यादी घेऊन बसलेली. प्रत्येक प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिने मसाल्यांच्या बाटल्यांना चिकटवलाय. ओरेगानोवर संविधान, मिठावर सर्वोच्च न्यायालय. म्हणाली, विचार मला. मी विचारलं. बत्तीसपैकी एकोणतीस बरोबर. इंग्रजी उच्चारांवर अजून काम हवं, असं मी सांगितलं.

४ मार्च, मंगळवार
चांगली बातमी. गोल्डन हार्बरने मला व्हीआयपी केलं! ब्रॅडली नावाचा माणूस खास माझ्यासाठी नेमलाय. स्वतः फोन केला. म्हणाला, तुमच्यासारखे सातत्याने खेळणारे फार थोडे. शाळा सुटल्यापासून कुणी माझ्या सातत्याचं कौतुक केलं नव्हतं. संस्थेत तर नुसत्या रजाच मोजतात.

राधामेसकाकांना सांगितलं. ते म्हणाले, मलाही होता एक, डॅरेन. बायको गेली तेव्हा त्याने फुलं पाठवली. मी म्हटलं, किती छान. त्यांनी पुढचा डाव लावला.

आई रोज टपालपेटी उघडते. इतका वेळ का लागतोय, असं आज विचारलं. मी म्हटलं, सरकारी काम आहे.

२२ मार्च, शनिवार
परतताना पुलाच्या मध्यावर थांबले होते. सकाळपासून सहाशे गेले होते, जरा श्वास घेत होते. एक पोलीस सायकलवरून उतरला. हळू आवाजात नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. मला कळेना. मग लक्षात आलं, मी उडी मारेन असं त्याला वाटत होतं. मला हसूच आलं. म्हटलं, नाही हो, मी नुसती खेळते, आणि फोन दाखवला. त्याचा चेहरा काही निवळला नाही. मी पार अलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला.

गैरसमज किती पटकन होतात.

९ एप्रिल, बुधवार
आजोबांचं दुखणं वाढलंय. मामाचा आईला फोन आला होता, मिरेया, येतेस तर आत्ता ये. आईने मला विचारलं, मी गेले आणि मुलाखतीचं पत्र आलं तर? तारीख चुकली तर अर्ज बंद करतात ना? मी म्हटलं, हो, करतात. (हे खरं आहे. संस्थेत एकाचा केला होता.)

आई म्हणाली, मग थांबते. तू सांगतेस म्हणजे थांबायलाच हवं.

शनिवारी मोठा डाव खेळून सगळं एकदम मार्गी लावते. ब्रॅडलीने दोनशेची भेट दिलीय, त्यावर अटी फक्त पंधरापट.

१२ एप्रिल, शनिवार
नाही झालं. संस्थेतूनही पत्र आलं. उद्यापासून... म्हणजे आता वेळ भरपूर मिळेल.

१७ एप्रिल, गुरुवार
आजोबा पहाटे गेले.

फेफामावशीने इमारतीतून वर्गणी काढून आईचं तिकीट काढलं. माझ्याकडे कुणी मागितलं नाही. शिकल्या-सवरल्या मुलीचे पैसे पुढे लागतील, असं म्हणाले असतील.

२२ एप्रिल, मंगळवार
आई परत आली. तिकडे नऊ दिवस प्रार्थना असते, नवव्या दिवशी सगळा गाव जेवतो, त्याशिवाय गेलेला माणूस सुटत नाही असं मानतात. आई चौथ्या दिवशीच निघाली. बहिणी रागावल्या, म्हणाल्या, एवढी कसली अमेरिका तुला? ती म्हणाली, पत्र येईल.

फोनवर मी तिला राहा म्हणू शकले असते. पण तो तिचा निर्णय होता आणि मी तिच्या निर्णयाचा आदर करते.

३ मे, शनिवार
आज पुलावर गेले नाही. हे नोंदवून ठेवते. (पैसे नव्हते, पण तो मुद्दा वेगळा.)

दुपारी आई आणि फेफामावशी चर्चमधून आल्या. तिथे महिन्यातून एकदा वकिली शिकणाऱ्या मुली फुकट कागद तपासतात. आई मला न सांगता गेली होती. माझा वेळ जाऊ नये म्हणून, म्हणाली.

आईचा चेहरा लाल. पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. सांगू लागली, तुझ्याएवढीच एक मुलगी होती, तिने नाव, जन्मतारीख सगळं घेतलं, दोन ठिकाणी फोन लावले आणि म्हणाली, बाई, तुमच्या नावाने असा अर्ज कधी गेलेलाच नाही, पैसे कुणाकडे दिले होते ते आठवा. असे फसवणारे फार आहेत, म्हणाली. फसवणारे! आईने तिथेच टेबलावर हात आपटला. म्हणाली, माझा अर्ज कुणा लुच्च्याने नाही, माझ्या मुलीने भरलाय. ती शिकलेली आहे. चूक असेल तर तुमच्या मशीनमध्ये असेल. सगळी रांग ऐकत होती. ती मुलगी शेवटी उठून उभी राहिली आणि तिने आईची माफी मागितली.

फेफामावशी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. जेवायलाही थांबली नाही.

आई म्हणाली, बरोबर बोलले ना मी?

मी म्हटलं, हो.