तीनदा आत घेतलेली कंबर

मंगळवार, तारीख १४

चि. चिमणीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दादाचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? वहिनीचा खोकला थांबला का? धाकट्याची दाढ ठणकायची राहिली असेल. तुझ्या पायाचं सगळ्यात शेवटी विचारते आहे, त्यावरून काय ते समज.

इकडे दुकान ठीक. शाळेच्या गणवेशांची घाई आहे. मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला. सरावासाठी तू माझ्याकडे राहायचीस ती खोली झाडून ठेवली आहे.

निवडीच्या शर्यतीत तू पडलीस त्याला पाच आठवडे झाले. घरी गेलीस ती माझ्याशी बोललीच नाहीस. मग विचारायचं कुणाला? काल मी एकटीच त्या फिजिओबाईंकडे गेले, ज्यांनी पहिल्या दिवशी तुझा पाय पाहिला. त्यांनी नडगीचा फोटो उजेडात धरला. हाडाला केसाएवढी चीर. रोज सुईत दोरा ओवणारी मी, मला आधी दिसेचना.

अशी चीर एका दिवसात पडत नाही, म्हणाल्या, आधी दुखत असणार. दुखत होतंच. तीन आठवडे तू सांगत होतीस, आणि मी गरम तेल चोळून, पट्टी करकचून बांधून तुला मैदानावर धाडत होते. धावलीस की मोकळं होईल, हे माझंच पालुपद.

मग त्यांनी विचारलं, मुलगी खाते किती, पाळी नियमित येते का. सात महिने आली नव्हती. तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, बरंच झालं, शर्यतीत अडचण नको.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "मेहनत भरपूर होती, पोटात पुरेसं नव्हतं. मग शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, हाडाची रोजची डागडुजी मागे पडते."

मला ते माझ्या भाषेत कळलं. खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी ठेवून मशीन कितीही दामटली तरी शिवण पडत नाही, कापडाला नुसती भोकं पडतात.

आता मुख्य ते लिहिते. तुझ्या धावायच्या चड्डीची कंबर मी एका वर्षात तीनदा आत घेतली. दर वेळी शेजारणीला कौतुकाने सांगितलं, पोरगी बघा कशी वाऱ्यासारखी हलकी झाली. चाळीस वर्षं लोकांची मापं घेते मी. सतराव्या वर्षी पोरीची कंबर घटते आहे हे हाताला कळत होतं, डोक्याने ऐकून घेतलं नाही. चिमणी हे नावही मीच पाडलं, दोन घासांत उठायचीस म्हणून.

दादाला मी सांगितलं की मैदान खराब होतं म्हणून तू पडलीस. ते खोटं. हे पत्र त्याला वाचून दाखव. रविवारी येऊन तोंडानेही सांगणार आहे.

आज सकाळी मैदानावर गेले. तुझे सर सरावाच्या संघाच्या यादीतून तुझं नाव खोडायच्या बेतात होते. पोरीत दम नाही म्हणाले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "दम तिच्यात होता, अक्कल माझ्यात नव्हती." चीर कशाने पडली ते लिहिलेली फिजिओबाईंची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पेन खिशात ठेवलं. पुढच्या हंगामाच्या चाचणीपर्यंत तुझी जागा राहील.

जागा आहे म्हणून उठून पळू नकोस मात्र. चीर भरली असं डॉक्टर सांगतील तेव्हा आधी चालायचं, मग थोडं धावायचं. दुखलं की तिथेच थांबायचं, आणि मी चल म्हटलं तरी ऐकायचं नाही. धावण्याआधी चार घास, आल्यावर घाम वाळायच्या आत पुन्हा. भात, अंडी, दूध, केळी, काही वर्ज्य नाही. दर शनिवारी बाई खेळाडूंच्या घरच्यांना हेच शिकवतात. पासष्टाव्या वर्षी मी वही घेऊन पहिल्या बाकावर बसणार आहे, हसायचं तर हस.

सोबत चड्डी पाठवते आहे. तिन्ही शिवणी उसवल्या. आत दाबलेलं कापड सगळं सोडलं. आज ती तुला सैल होईल, होऊ दे. माझ्यावर खुशाल रागव, पण तो राग ताटावर काढू नकोस.

उत्तर लगेच लिही. बाकी काही लिहावंसं वाटलं नाही, तर कमरेचं माप तेवढं कळव. वाढलेलं असू दे.

तुझी वाट पाहणारी,
आत्या